परळची प्रयोगशाळा आणि कोहमाऱ्याचे रक्त

नागपूरमार्गे कलकत्त्याकडे जाणारा, पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून सर्वांच्या तोंडी असलेला आणि आता ५३ हा क्रमांक धारण करणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, आणि सडक अर्जुनीच्या लगत, जिथे गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेली सडक त्याला छेदून नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि वडशाच्या दिशेने दक्षिणेस उतरते, तिथे कोहमारा हे गाव लागते. उत्तरेला नागझिऱ्याचे अरण्य, दक्षिणेला नवेगावचे. २०१३ साली या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या श्वापदांची वाट याच महामार्गाला ओलांडून जाते. भोवताली धानाच्या बांध्या, बोड्या आणि कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव. रायपूरकडे आणि नागपूरकडे धावणाऱ्या मालमोटारींना या गावाशी कर्तव्य नसते. परंतु देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील आजारी माणूस जेव्हा गोंदियाच्या किंवा नागपूरच्या मोठ्या इस्पितळाची वाट धरतो, तेव्हा त्याच्या प्रवासात कोठे ना कोठे हा महामार्ग आणि पुष्कळदा हा चौक येतोच.

मुंबईच्या परळ भागात, केईएम रुग्णालयाच्या आवारात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधनाविषयी आणि तिच्या क्षेत्रातील मानसन्मानांविषयी लिहिताना मी आरंभ कोहमाऱ्यापासून केला, याचे कारण असे की या संस्थेने ज्या रक्ताचा अभ्यास करून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आपले नाव नोंदविले, त्या रक्ताचा एक भाग पूर्व विदर्भातील माणसांच्या नसांतून घेतलेला आहे. संशोधनसंस्थेचे वार्षिक अहवाल निबंधांची संख्या सांगतात, पारितोषिकांची यादी देतात, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्यांचे रक्त घेतले त्यांच्या उंबरठ्यापर्यंत त्या ज्ञानातील किती अंश परत आला, हा तपशील मला त्या यादीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाचा वाटतो. या लेखाचा विषय तो आहे.

प्रथम संस्थेची कुळकथा सांगितली पाहिजे, कारण ती अभिमानास्पद आहे आणि मराठी वाचकांना तिची पुरेशी ओळख नाही. १९५२ साली परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असे रक्त आले की जे वरवरच्या परीक्षेत ‘ओ’ गटाचे भासे, परंतु ‘ओ’ गटाच्या दात्यांचे रक्तही त्याच्याशी जुळेना. ज्या रक्ताला आपण सार्वत्रिक दान मानतो तेच त्याला चालत नव्हते. ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ नावाचा मूळ पदार्थच त्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर नव्हता, आणि म्हणून त्या शरीरातील द्रवाने ‘एच’ धारण करणाऱ्या जगातील बहुतेक सर्व रक्तांना परके ठरविले होते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्या जोडीला लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, रूथ सँगर, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांचीही नावे होती. ज्यांच्या हाताखाली साऱ्या जगाचे रक्तगटशास्त्र घडत होते त्या मंडळींनी परळच्या निरीक्षणाला दिलेली ती मान्यता होती. ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव तेव्हापासून प्रत्येक देशाच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. शहराचे नाव बदलले तरी ते बदललेले नाही. मुंबईत सुमारे १० हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एखादाच असा हा गट असल्याने, अशा माणसाला शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त मिळवून देण्यासाठी दुर्मीळ दात्यांची नोंदवही ठेवणे हे काम पुढे त्याच परंपरेतील संस्थेकडे आले.

१९५७ साली वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापिले, आणि त्या पहिल्या निबंधाचे एक लेखक भाटिया यांनी त्याची धुरा वाहिली. १९७३ मध्ये बडकेरे, एस. आर. जोशी, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका अपरिचित प्रतिजनाची नोंद केली. तो भारतीय लोकसमूहात आढळला म्हणून त्याला ‘इंडियन’ असेच नाव मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय गणनेत त्या नावाची स्वतंत्र रक्तगटप्रणाली आज २३ व्या क्रमांकावर आहे. १९८२ साली केंद्राचे रूपांतर प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत झाले आणि यथावकाश तिला राष्ट्रीय हे विशेषण लाभले. पदके कालांतराने पेटीत बंद होतात. परंतु ज्या रक्तपेढीत मध्यरात्री एखादा तंत्रज्ञ नमुना पुन्हा पुन्हा तपासून ‘बॉम्बे’ असे लिहितो, त्या रक्तपेढीत भेंड्यांचा सन्मान रोज नव्याने होतो, असे मला मनापासून वाटते.

परळमध्येच त्या सुमारास दुसरेही एक काम चालू होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात मानववंशशास्त्राची एक शाखा होती आणि तेथे एल. डी. संघवी व पी. के. सुकुमारन हे भारतीय जातीजमातींच्या रक्तातील आनुवंशिक भेदांचा मागोवा घेत होते. १९५६ साली त्यांनी जी. एन. व्यास यांच्यासह ‘करंट सायन्स’मध्ये पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींत विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा गुण आढळल्याचे प्रसिद्ध केले. या निबंधापासून आपली कथा पुन्हा विदर्भाकडे वळते.

‘सिकलसेल’ या नावाने ओळखला जाणारा हा गुण म्हणजे काय, ते थोडे सावकाश सांगितले पाहिजे. १९१० साली शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या पेशी पाहिल्या. १९४९ हे वर्ष या विषयात विशेष फलदायी ठरले : जेम्स नील यांनी या विकाराचा आनुवंशिक क्रम स्पष्ट केला, आणि लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌क्षेत्रात रुग्णाचे आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन निरनिराळ्या वेगाने सरकते असे दाखवून, एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत असू शकते हा सिद्धांत वैद्यकाला प्रथमच दिला. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो फरक नेमका कोठे आहे हे शोधले : बीटा शृंखलेच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. शेकडो घटकांच्या रेणूत बदल एवढाच. परंतु प्राणवायू सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवितात, पेशी वाकते, कठीण होते, बारीक केशवाहिन्यांत अडकते, आणि जिथे अडकते तिथे रक्ताचा पुरवठा तुटून असह्य वेदना उत्पन्न होते. निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्तक्षय, डोळ्यांची पिवळी झाक, वाढलेली आणि पुढे निकामी होणारी प्लीहा, वारंवार जंतुसंसर्ग, ही मालिका सुरू होते. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन विपुल असल्यामुळे विकार झाकलेला राहतो. ते हिमोग्लोबिन ओसरू लागले की तान्ह्याचे हातपाय सुजतात आणि आईला वाटते की बाळाला काही चावले असावे.

पूर्व विदर्भात ज्या घरात हा आजार आहे त्या घराला ऋतुचक्र वेगळ्या रीतीने कळते. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर गार पाण्यात वाकून दिवसभर काम करणे, धानकापणीच्या आणि चुरण्याच्या दिवसांत उन्हात पाण्यावाचून राबणे, थंडीत पुरेशा पांघरुणाविना रात्र काढणे, आणि तापाने अंथरुण धरणे, ही सर्व निमित्ते वेदनेचा झटका आणणारी आहेत. शहरातील वैद्य रुग्णाला ‘पाणी भरपूर प्या, थंडी टाळा, श्रम बेताने करा’ असा सल्ला देतो तेव्हा तो शास्त्रशुद्ध असतो; मात्र रोजीवर जगणाऱ्या बाईला त्या सल्ल्याचे पालन करण्यासाठी रोजीच सोडावी लागते. दीर्घकाळपर्यंत या दुखण्याला वात म्हटले गेले, अंगात रक्त नाही म्हटले गेले, बाहेरची बाधा म्हटली गेली. आणि मुले दगावली तेव्हा कारणाच्या रकान्यात ताप लिहिला गेला.

हा गुण याच रानमुलखात एवढा का रुजला, याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली ए. सी. अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की ज्याला हा गुण एकाच पालकाकडून मिळाला आहे, त्या वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण लाभते. म्हणजे ज्या अरण्यात डासांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले नेली, तिथे हा गुण बाळगणारी मुले अधिक वाचली आणि त्यांनी तो पुढे दिला. पूर्वजांच्या जगण्याची किंमत वंशजांतील काही जण आज फेडीत आहेत. वाहक स्वतः प्रायः निरोगी असतो. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक शक्यता पूर्ण रोगाची, दोन वाहकत्वाची आणि एक सर्वस्वी मुक्ततेची असते. आणि ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने उभी राहते, एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटतात असे नाही.

भारतात या गुणाची पहिली नोंद १९५२ सालची, म्हणजे बॉम्बे रक्तगटाच्याच वर्षाची : लेहमान आणि मारी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत, आणि डनलॉप व मजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत तो पाहिला. नागपूरचा क्रमांक लवकरच लागला. आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील या गुणाविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. इतक्या आधी, इतक्या मान्यवर नियतकालिकात, इतक्या जवळच्या शहरातून आपल्या भागाच्या रक्ताचे निदान झाले होते. पुढची चार-पाच दशके मात्र या ज्ञानाला दप्तरातून गावापर्यंतची वाट सापडली नाही. विद्वानांनी आपले काम चोख केले. राज्यव्यवस्थेजवळ त्या कामासाठी खाते नव्हते, तरतूद नव्हती, आणि मागणी करणारा आवाजही नव्हता.

पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्रातील आदिवासी पाड्यांतून हे रक्त तपासण्यात वेचला. २००२ साली त्यांनी लिंगोजवार यांच्यासह राज्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात निरनिराळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळल्याचे आणि भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओटकर या समूहांत ते २० ते ३५ टक्के असल्याचे नोंदले आहे. रुग्णसंख्या प्रत्येकी ५ हजारांहून अधिक असावी असा अंदाज ज्या जिल्ह्यांविषयी त्यांनी केला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ आणि नंदुरबार यांच्या बरोबरीने भंडाऱ्याचेही नाव आहे. पूर्व विदर्भात हा गुण केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जातींत आणि शेतकरी-कारागीर समाजांतही तो आहे. याला एका जमातीचा रोग मानणारा समज जितका लवकर जाईल तितके चांगले, कारण त्या समजापायी पुष्कळ घरे तपासणीपासून दूर राहतात.

आता ज्या संशोधनाने कोहमाऱ्यासारख्या गावाच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पडायला हवा होता, त्याकडे येतो. भारतातील आणि अरबस्तानातील रुग्णांत हा गुण ज्या गुणसूत्रीय पार्श्वभूमीवर आढळतो ती आफ्रिकेतील रुग्णांहून वेगळी आहे. ती ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक टिकून राहते. हे हिमोग्लोबिन तंतू बनण्यास अडथळा करते. यावरून भारतातील आजार सौम्य असतो, असे अनुमान सर्वत्र रूढ झाले. या अनुमानाची परीक्षा करण्यासाठी मुंबईच्या संस्थेतील मलय मुखर्जी, रोशन कोलाह, दीपिका मोहंती आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दक्षिण गुजरातेतील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूर भागातील आदिवासेतर रुग्ण शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि १९९७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ हेमॅटॉलॉजी’त निष्कर्ष मांडला. दोन्हीकडे गुणसूत्रीय पार्श्वभूमी तीच. परंतु वलसाडच्या रुग्णांत अल्फा थॅलेसेमिया नावाचा दुसरा एक आनुवंशिक गुण पुष्कळ प्रमाणात सोबतीला होता आणि तो रोगाची धार बोथट करीत होता. नागपूरकडे ही सोबत विरळ, म्हणून आजार तीव्र.

मला हा निबंध या संस्थेच्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक वाटतो. त्याला कोणते पदक मिळाले की नाही याची मी चौकशी केली नाही. सौम्य म्हणून ज्या दुखण्याकडे दुर्लक्ष होत होते, ते या मुलखात सौम्य नाही, असे त्याने परिमाणासह सांगितले. आणि त्यामुळे नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांना जे खाटांवर दिसत होते त्याला शास्त्राचा आधार मिळाला. डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपुरात याच धाग्याने पुढचे पाऊल टाकले. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मूळचे रक्ताच्या कर्करोगावरचे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते आणि वेदनेचे झटके कमी करते हे अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाने १९९५ मध्ये सिद्ध झाले होते. परंतु तेथील पद्धतीत मात्रा हळूहळू सहन होईल तितकी वाढवीत न्यायची आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या सतत करायच्या. जिथे तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे लागते तिथे हे कसे जमावे? नागपूरच्या गटाने तीव्र आजार असलेल्या मुलांना दर किलो वजनामागे दररोज १० मिलिग्रॅम अशी अल्प आणि स्थिर मात्रा देऊन, निष्क्रिय गोळीशी तुलना करीत नियंत्रित प्रयोग केला आणि २०१२ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले : एवढ्याच मात्रेने मुलांचे झटके, रक्त चढविण्याची आणि इस्पितळात राहण्याची वेळ लक्षणीय कमी झाली. गरिबीची अट मान्य करून, शास्त्राची शिस्त मात्र तसूभरही न सोडता केलेला हा प्रयोग आहे.

मुंबईची संस्था आणि नागपूरचे डॉक्टर यांनी मिळून नवजात बालकांच्या तपासणीचेही काम केले. वाहक मातांच्या बाळांचे रक्त जन्मतः तपासून आजारी निघालेल्या बाळांचा पुढे मागोवा घेतलेला तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामाचे महत्त्व कळण्यासाठी एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. प्राथमिक केंद्रांवर सर्रास केली जाणारी विद्राव्यता चाचणी, जिला सगळे ‘सोल्युबिलिटी’ म्हणतात, ती फक्त विकृत हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते; वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिला ओळखता येत नाही, आणि नवजात बाळात तर ती भरवशाची नाही. त्यासाठी मोठे यंत्र लागे आणि यंत्र शहरात असे. म्हणून नमुना जायचा, अहवाल यायचा, आणि मधल्या काळात माणूस कामाला परगावी गेलेला असायचा. बोटाच्या एका थेंबावर, जागच्या जागी, काही मिनिटांत वाहक आणि रुग्ण वेगळे दाखविणारी पट्टीची चाचणी निघाली, तेव्हा तिची भारतातील अनेक केंद्रांवर परीक्षा घेऊन, ती नवजातांतही विश्वासार्ह असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांत पुन्हा मुखर्जी आणि कोलाह हीच नावे होती.

या ठिकाणी गडचिरोलीचा एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही, आणि तो डॉ. अभय बंग यांनी स्वतः वारंवार सांगितलेला आहे. १९८६ च्या सुमारास त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले तेव्हा पहिल्या संशोधनांपैकी एक याच विकाराविषयी होते. पाहणी उत्तम झाली, रोगाचे प्रमाण पुढे आले, शासनही हलले. परंतु गावकऱ्यांत उत्साह दिसेना, कारण हा प्रश्न संशोधकांनी निवडलेला होता, लोकांनी नव्हे. त्यातून लोकांना विचारून विषय ठरविण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली, आणि त्या पद्धतीचे फळ म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा तो प्रयोग, ज्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ज्याने देशाचे धोरण बदलले. मी या प्रसंगाचा अर्थ असा घेतो की चाळीस वर्षांपूर्वी लोकांजवळ या वेदनेला नाव नव्हते आणि म्हणून मागणीही नव्हती. आज आहे. गोंदिया जिल्ह्यात आता ‘सिकल आहे’ असे आई स्वतः सांगते. ही मागणी उभी करण्यात प्रयोगशाळांबाहेरच्या माणसांचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच या क्षेत्रातील सन्मानांची यादी पाहताना मला एक गोष्ट विशेष समाधानाची वाटते. २०१८ च्या पद्मश्रींच्या यादीत महाराष्ट्रातून बंग दांपत्याच्या बरोबरीने संपत रामटेके यांचे नाव होते. नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून ज्यांनी रुग्णांच्या पालकांना एकत्र आणले, कचेऱ्यांचे उंबरे झिजविले आणि निवेदनांमागून निवेदने दिली, त्या कार्यकर्त्याचा तो गौरव होता, आणि तो समाजकार्य या सदराखाली झाला. २०२४ च्या यादीत गुजरातचे डॉ. यझदी इटालिया आले. वलसाड भागात आदिवासींच्या तपासणीचा कार्यक्रम त्यांनी रचला आणि मुंबईच्या संस्थेबरोबर नवजातांच्या अभ्यासातही ते सहभागी होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जे २१ प्रकार मान्य झाले, त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या पंक्तीत सिकलसेलही आला, यामागे अशा माणसांच्या चिकाटीचे बळ होते. दाखला मिळविताना वेदनेचे मोजमाप टक्क्यांत करावे लागते आणि झटका नसलेल्या दिवशी रुग्ण धडधाकट दिसतो, ही अडचण अद्याप आहे. तिचा निकाल तज्ज्ञांनीच लावला पाहिजे.

राज्याच्या कार्यक्रमात तपासणीनंतर वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड मिळते. परीक्षेत तासामागे २० मिनिटे अधिक, एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवासाची सवलत, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, अशा काही सोयी लाल कार्डाला जोडलेल्या आहेत, आणि ज्याला महिन्याला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते त्याला बसभाड्याची सवलत काय मोलाची असते हे त्या घरालाच ठाऊक. पिवळ्या कार्डाची गोष्ट अधिक नाजूक आहे. दोन पिवळी कार्डे एकत्र येऊ नयेत, असा समुपदेशकांचा सल्ला असतो. परंतु सोयरिकीच्या बोलणीत मुलाचे कार्ड क्वचित विचारले जाते आणि मुलीचे हमखास. पिवळ्या कार्डाची मुलगी ‘आजारी’ ठरते, वस्तुतः ती निरोगी असते आणि पांढऱ्या कार्डाच्या, म्हणजे हा गुण नसलेल्या, मुलाशी तिचा विवाह झाल्यास एकही मूल रोगी होण्याचे कारण नसते. रक्ताच्या शास्त्रातील हे एवढे साधे गणित प्रत्येक आश्रमशाळेत आठवीपासून शिकविले जावे, आणि ते मुलग्यांना आधी शिकविले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र गती आली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांखालील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. त्याआधीच, ११ डिसेंबर २०२२ रोजी, नागपुरातील समारंभात चंद्रपूरचे हिमोग्लोबिन-विकार संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. हे केंद्र मुंबईच्या त्याच संस्थेचे. ज्या दिवशी समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा आणि नागपूरचे एम्स यांच्या उद्‌घाटनांनी वर्तमानपत्रांची पाने भरली, त्या दिवशी या केंद्राच्या वाट्याला एखाददुसरी ओळ आली. परंतु शुक्ला-सोळंकींच्या निबंधानंतर ६४ वर्षांनी परळची प्रयोगशाळा स्वतः उठून विदर्भात आली, ही बातमी माझ्या दृष्टीने त्या दिवसातील कोणत्याही बातमीहून लहान नव्हती.

उपचाराच्या क्षितिजावरही नवे घडत आहे. जनुक कापून दुरुस्त करणाऱ्या पद्धतीवर आधारलेला पहिला उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत त्याच वर्षी ८ डिसेंबरला मंजूर झाला. तेथे त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, बिरसा मुंडांच्या सार्धशताब्दीच्या निमित्ताने, दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेत विकसित झालेल्या स्वदेशी उपचाराची घोषणा ‘बिरसा १०१’ या नावाने झाली आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटशी सहकार्य ठरले. ज्या समाजाच्या रक्तातून हे शास्त्र वाढले त्याच्या नायकाचे नाव त्याला मिळावे, हे उचित झाले. परंतु असा उपचार म्हणजे रुग्णाच्या मज्जेतील पेशी बाहेर काढणे, त्या सुधारणे, जुनी मज्जा औषधांनी रिती करणे आणि मग सुधारलेल्या पेशी परत घालणे. त्यासाठी सुसज्ज रुग्णालय आणि कित्येक आठवड्यांचा मुक्काम लागतो. तोपर्यंत हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा साठा ग्रामीण रुग्णालयात एकही महिना खंडित न होणे, तान्ह्या रुग्णाला पेनिसिलीन आणि न्यूमोकोकसची लस वेळेवर मिळणे, यांना मी दुय्यम मानणार नाही.

आणि एका कामाला तर दिवसांचीच मर्यादा आहे. गरोदर स्त्री वाहक निघाली, तर तिच्या नवऱ्याचे रक्त तत्काळ तपासावे लागते. तोही वाहक असेल तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या ऊतीचा अंश घेऊन गर्भाचे निदान करता येते. मुंबईच्या संस्थेने ही विद्या अनेक वर्षांपासून जोपासली आहे. सडक अर्जुनी तालुक्यातील स्त्रीची नोंदणी तिसऱ्या महिन्यात झाली, नवरा तेव्हा हैदराबादच्या किंवा नागपूरच्या बांधकामावर असला आणि तो येईपर्यंत तीन आठवडे गेले, तर वारेच्या ऊतीवरून वेळेत निदान करण्याची ही संधी तिच्या हातची जाऊ शकते. म्हणून तपासणी गरोदरपणाच्या आधी, विवाहाच्याही आधी झाली पाहिजे. आणि जिथे ती तशी झालेली नाही, तिथे पहिल्याच भेटीत दोघांचे रक्त एकदम घेण्याचा शिरस्ता आरोग्य खात्याने घालून द्यावा. चंद्रपूरच्या केंद्राने गोंदिया जिल्ह्यासाठी नमुन्यांची आणि रुग्णांची नियमित व्यवस्था लावायची ठरविली, तर मार्ग तयारच आहे : गोंदियाहून निघणारी रेल्वे कोहमाऱ्याजवळच्या सौंदड स्थानकावरून अर्जुनी, वडसा, नागभीड, मूल करीत थेट चांदा फोर्टला पोचते.